एकच परिपत्रक, दोन निकाल : नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट कशी होते

एकाच दिवशी निघालेलं एकच परिपत्रक चाळीस आरोग्य केंद्रांवर पोचतं. सहा महिन्यांनी पाहावं तर काही केंद्रांवर काम रुळावर आलेलं असतं, तर काही ठिकाणी ते परिपत्रक फाईलला टाचलं गेलं आणि तिथंच संपलं. असं का झालं, हे प्रशासकाला विचारलं तर उत्तर तयार असतं : "तिथला माणूस चांगला आहे." हे उत्तर खोटं नसतं, पण एकेचाळिसाव्या केंद्राला त्याचा काही उपयोग नाही. चांगला माणूस नेमकं काय वेगळं करतो, आणि तो बदलून गेल्यावरही ते चालू राहील का, हे पुराव्यानिशी सांगता यावं यासाठी जी डॉक्टरेट आहे तिचं नाव डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, बोलताना डीआरपीएच.

पीएचडीशी तिची गल्लत हमखास होते. दोन्ही डॉक्टरेटच, एक वरची आणि एक खालची असा प्रकार नाही. पीएचडी करणाऱ्यानं ज्ञानात काही नवी भर घालावी आणि पुढं संशोधक किंवा अध्यापक व्हावं, अशी अपेक्षा असते. डीआरपीएच करणारा आधीच विभाग, कार्यक्रम किंवा रुग्णालय चालवत असतो आणि पदवीनंतरही बहुधा तेच करणार असतो. त्यामुळे त्याच्या प्रबंधाला एक जादा प्रश्न विचारला जातो : हे वाचून कुणी कुठला निर्णय बदलेल? उलट, तुम्हाला विद्यापीठात पूर्णवेळ शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल, तर पीएचडीच सोयीची. निवड समित्यांना ती जास्त ओळखीची असते.

कल्पना नवी नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांपासून वेगळी विद्यालयं हवीत, असं अमेरिकेत १९१५ साली वेल्च-रोझ अहवालानं मांडलं आणि १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असं विद्यालय स्थापन झालं. पण डीआरपीएच आणि पीएचडी यांतला फरक पुढं बराच काळ पुसट राहिला. तो कागदावर ठळक झाला अलीकडे. तिथल्या कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ, म्हणजे सेफ, या मान्यता देणाऱ्या संस्थेनं २०१६ च्या निकषांत डीआरपीएचसाठी २० पायाभूत क्षमता ठरवून दिल्या आणि त्यांचे चार गट केले : आकडेवारी व विश्लेषण; नेतृत्व, व्यवस्थापन व कारभार; धोरणं व कार्यक्रम; शिक्षण व मनुष्यबळ विकास. चारपैकी एकच गट निव्वळ आकडेमोडीचा आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या डीआरपीएचमध्ये प्रबंधाच्या जोडीला एखाद्या संस्थेच्या कारभाराचा आणि धोरणाचा अभ्यास करावा लागतो, तोही याच विचारातून.

अभ्यासक्रमाची बांधणी साधारण सगळीकडे सारखी असते. आधी शिकवले जाणारे विषय. सेफच्या निकषांत पदव्युत्तर पदवीच्या पुढचे किमान ३६ क्रेडिट धरले आहेत. मग प्रत्यक्ष संस्थेसाठी केलेला एक प्रकल्प. तो स्वतःच्या कार्यालयात करायला बहुतेक ठिकाणी मुभा असते, पण रोज करता तेच काम अहवाल म्हणून चिकटवता येत नाही. नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडचं काहीतरी हवं. शेवटी प्रबंध, किंवा काही ठिकाणी धोरणपत्र, मूल्यमापन अहवाल आणि त्यांना जोडणारं विवेचन असा संच. मध्ये कुठंतरी अर्हता परीक्षा. नोकरी करणाऱ्यांसाठीच्या अभ्यासक्रमांत वर्ग बहुधा संध्याकाळी ऑनलाइन होतात आणि वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष हजर राहावं लागतं.

विषय पार पडतात. प्रशासकाला ठरलेल्या तारखेला ठरलेला कागद द्यायची सवय असते, तीच इथं उपयोगी पडते. गाडी अडते ती विषय संपल्यावर. पुढची तारीख देणारं कुणी नसतं आणि प्रश्न स्वतःच ठरवायचा असतो. "प्रबंध सोडून सगळं झालं" म्हणणारे लोक बहुतेक याच वळणावर थांबलेले असतात.

प्रश्न बारीक कसा करायचा

उदाहरण लसीकरणाचं घेऊ. समजा, एखाद्या भागात पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित, लसीचा पहिला डोस १,२०० बाळांना मिळाला आणि तिसरा १,०२० बाळांना. गळती म्हणजे दोहोंतला फरक भागिले पहिला डोस : १८० भागिले १,२००, म्हणजे १५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात १० टक्क्यांच्या वरची गळती ही अडचणीची खूण मानतात : कुटुंब एकदा केंद्रापर्यंत आलं होतं, पुन्हा आलं नाही. पहिलाच डोस कमी असता तर ती पोच नसल्याची अडचण ठरली असती.

प्रशासकाचा पहिला प्रस्ताव बहुधा असा असतो : "लसीकरणातील गळतीची कारणं व उपाय." हा विषय झाला, प्रश्न नाही, यावर दहा माणसं दहा वर्षं काम करू शकतील. दुसरा खर्डा असतो : "गळती १५ वरून १० टक्क्यांवर कशी आणता येईल?" हे कार्यक्रमाचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं तरी प्रबंध होत नाही, आणि नाही गाठलं तर लिहायला काही उरत नाही.

आता केंद्रवार तक्ता उघडा. पालकांना फोनवर आठवण करून द्यायचं परिपत्रक सगळीकडे एकाच महिन्यात गेलं. एका केंद्रावर पहिला डोस ६० बाळांना आणि तिसरा ५७ बाळांना : गळती ५ टक्के. दुसऱ्यावर ६० आणि ४५ : गळती २५ टक्के. परिपत्रक तेच, लस तीच, वस्तीही साधारण सारखी. मग प्रश्न असा बसतो : फोनवरून आठवण देण्याची पद्धत ज्या केंद्रांवर टिकली आणि जिथं टिकली नाही, त्यांत अंमलबजावणीच्या पातळीवर काय फरक होता? नंबर कोण नोंदवतं, फोन कुणाच्या पैशानं होतो, न उचललेल्या फोनचं पुढं काय होतं, परिचारिका रजेवर असेल तेव्हा यादी कुणाकडं असते? याचं उत्तर दीड-दोन वर्षांत मिळू शकतं, आणि काहीही निघालं तरी ते लिहिण्याजोगं असतं. प्रश्न चांगला आहे की नाही याची हीच खात्रीची कसोटी : निकाल मनासारखा आला नाही तरी प्रबंध उभा राहतो का?

अशा प्रश्नांसाठी अंमलबजावणीशास्त्रात, म्हणजे ठरलेलं काम प्रत्यक्षात कसं राबवलं जातं याच्या अभ्यासात, तयार चौकटी आहेत. १९९९ साली मांडलेली री-एम ही चौकट पाच गोष्टी पाहते : उपक्रम किती लोकांपर्यंत पोचला, परिणाम झाला का, किती केंद्रांनी तो स्वीकारला, ठरल्याप्रमाणे राबवला का, आणि टिकला का. २००९ ची सीएफआयआर ही चौकट "का" शोधायला जास्त उपयोगी : उपक्रमाचं स्वरूप, बाहेरची परिस्थिती, संस्थेच्या आतली परिस्थिती, माणसं आणि राबवण्याची प्रक्रिया. एक निवडा आणि तिच्यावरच मुलाखतीची प्रश्नावली बांधा. प्रस्तावात चार चौकटींची नावं टाकून विश्लेषणात एकही न वापरणं ही नेहमीची चूक, आणि परीक्षकांना ती पहिल्या वाचनातच दिसते.

आपलीच आकडेवारी, तरी परकी

प्रशासकाला वाटतं, डेटाची चिंता नाही, तो माझ्याच संगणकात आहे. पण मासिक अहवालाची आकडेवारी काम चालवण्यासाठी गोळा झालेली असते. तिला संशोधनाचे प्रश्न विचारायला घेतलं की तिच्या खोडी दिसायला लागतात.

वरचंच गळतीचं गणित पाहा. मासिक अहवालात या महिन्याचा पहिला डोस आणि याच महिन्याचा तिसरा डोस शेजारी असतात, पण ती बाळं वेगळी असतात. आजचा तिसरा डोस घेणाऱ्या बाळाचा पहिला डोस काही महिन्यांपूर्वी झालेला असतो. म्हणून एखाद्या महिन्यात गळती चक्क उणे येते : पहिला डोस ४०, तिसरा ४६. कधी त्याचं कारण बाहेरच्या भागातून आलेली बाळंही असतात. लाभार्थ्यांची अंदाजित संख्या जुनी असेल तर लसीकरण १०४ टक्केही दिसतं. बैठकीत असे आकडे "चांगलं काम" म्हणून निघून जातात. प्रबंधात ते निस्तरावे लागतात : एक तर नोंदवहीतून बाळागणिक माहिती काढून त्याच बाळांचा पहिला आणि तिसरा डोस जुळवायचा, नाहीतर तिमाही किंवा वार्षिक बेरजेवर यायचं आणि मर्यादा स्पष्ट लिहायची.

रिकामी चौकट आणि शून्य यांतला फरक तर दर वेळी छळतो. अहवाल आलाच नाही म्हणून रिकामी राहिलेली जागा कुठल्यातरी टप्प्यावर कुणीतरी शून्यानं भरतं आणि मग आलेखात खड्डा पडतो. विश्लेषणाआधी प्रत्येक शून्याला एकदा विचारा : सत्र झालं आणि बाळ आलं नाही, की सत्रच झालं नाही, की झालं पण कळवलं नाही? हे कंटाळवाणं काम आहे, महिनाभर खातं, आणि त्याला पर्याय नाही.

छोट्या केंद्रांची टक्केवारी आणखी फसवी. महिन्याला १० बाळं येणाऱ्या केंद्रावर एक बाळ चुकलं की गळती १० अंकांनी हलते. अशा केंद्रांची महिन्यागणिक क्रमवारी लावणं म्हणजे नाणेफेकीला गुणवत्ता यादी म्हणणं.

परिपत्रकाआधी आणि नंतर अशी तुलना करायची असेल तर एक महिना आधीचा आणि एक नंतरचा घेऊन भागत नाही. खंडित कालमालिका या पद्धतीत आधीचा कल काढतात आणि नंतरचा त्याच्याशी ताडून पाहतात. आरोग्यविषयक संशोधनाचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या इपॉक गटानं अशा अभ्यासात आधी व नंतर किमान तीन-तीन मोजणीबिंदू मागितले आहेत, पण तो अगदी तळ झाला. ऋतुमानानुसार हलणाऱ्या गोष्टीसाठी दोन्ही बाजूंना बारा-बारा महिने असलेले बरे. शिवाय त्याच काळात दुसरं काय बदललं याची नोंद हवी. त्याच महिन्यात दुसरी परिचारिका रुजू झाली असेल तर श्रेय फोनचं की तिचं, हे आलेख सांगत नाही.

प्रशासकांना खास भोवणारा एक सापळा म्हणजे सर्वांत वाईट दहा केंद्रं निवडून तिथं उपक्रम राबवणं आणि सहा महिन्यांनी सुधारणा दाखवणं. जे टोकाला असतं ते पुढच्या मोजणीत बहुधा आपोआप सरासरीकडं सरकतं; काहीही केलं नसतं तरी त्या दहांतली काही सुधारलीच असती. उपक्रम न झालेली तुलनेची केंद्रं नसतील, तर हा आक्षेप खोडायला तुमच्याकडं काही नसतं.

साहेब मुलाखत घेतात तेव्हा

आता या पदवीतला सर्वांत नाजूक भाग. ज्या परिचारिकेची मुलाखत हवी आहे, तिचा गोपनीय अहवाल कदाचित तुम्हीच लिहिता. ती संमतिपत्रावर सही करेल. नाही म्हणायची सोय तिला आहे कुठं? आणि "परिपत्रक राबवताना काय अडचण आली?" यावर ती म्हणेल, "काही नाही सर, सगळं व्यवस्थित आहे." अशा तीस मुलाखतींतून तीस वेळा हेच वाक्य मिळतं आणि संशोधक बिचारा त्यात आशय शोधत बसतो.

एथिक्स कमिटी, म्हणजे नीतिमत्ता समिती, नेमकं इथंच बोट ठेवते. म्हणून उत्तर प्रस्तावातच असावं. आपल्या थेट अखत्यारीतली केंद्रं शक्य तर वगळावीत आणि दुसऱ्या प्रशासकाच्या हद्दीतली घ्यावीत. ते जमत नसेल तर मुलाखतीचं आमंत्रण आणि मुलाखत दोन्ही त्रयस्थ व्यक्तीकडं द्यावीत. कुणी होकार दिला आणि कुणी नकार, हे तुम्हाला कळता कामा नये. ध्वनिमुद्रणही तुमच्याकडं येऊ नये, कारण आवाज ओळखू येतो. नावं काढलेला लेखी मजकूरच यावा, आणि नाव व सांकेतिक क्रमांकाची यादी त्या त्रयस्थाकडंच कुलपात राहावी.

एवढं करूनही ओळख फुटते. "केंद्र क्र. ३, शीतसाखळी (लस थंड ठेवण्याची व्यवस्था) सांभाळणारा कर्मचारी" असं लिहिलं आणि त्या केंद्रावर तो एकच असेल, तर नाव काढून काय साधलं? उद्धृताखाली "क्षेत्रीय कर्मचारी" एवढंच लिहावं; केंद्र आणि पद एकत्र देऊ नये.

परवानगीबाबत आणखी दोन गोष्टी. नीतिमत्ता समितीची मान्यता मागच्या तारखेनं मिळत नाही. आधी माहिती गोळा करून मग अर्ज केला तर ती माहिती प्रबंधात वापरता येईलच असं नाही. "हे तर आमचं नेहमीचं गुणवत्ता सुधारणेचं काम आहे, परवानगी कशाला?" असं वाटत असेल तर तेही स्वतः ठरवू नये; समितीकडून लेखी घ्यावं. दुसरं, कार्यालयाची आकडेवारी वापरायची परवानगी वरिष्ठांनी तोंडी दिली आणि वर्षभरात त्यांची बदली झाली, तर नवे अधिकारी पहिल्यापासून विचारतात. पत्र पदनामानं असावं, जावक क्रमांकासह असावं, आणि कोणती माहिती, कोणत्या कालावधीची, कशासाठी, प्रसिद्ध करता येईल की नाही, हे चारही मुद्दे त्यात असावेत. शेवटचा मुद्दा बहुतेक पत्रांत राहून जातो, आणि मग निकाल गैरसोयीचे निघाले की नेमकी त्याचीच आठवण होते.

तासांचा हिशेब

आठवड्याला १२ तास आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर तीन वर्षांत १,७२८ तास होतात. आकडा मोठा वाटतो, पण तो भरभर संपतो. वरच्याच अभ्यासात चार टिकलेली आणि चार न टिकलेली अशी आठ केंद्रं घेतली आणि प्रत्येकी चार माणसं, तर ३२ मुलाखती झाल्या. एक तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला साधारण पाच तास धरले तर नुसतं लेखन १६० तासांचं, म्हणजे तेरा-चौदा आठवडे, त्यात विश्लेषणाची एक ओळही नाही. यंत्रानं उतरवून घेतलं तरी तपासणी सुटत नाही, आणि बोलीभाषेत तर ती वाढते. प्रस्तावाच्या वेळापत्रकात मात्र "माहिती संकलन : दोन महिने" असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं.

बारा तास सलग मिळणार नाहीत, हे धरूनच चालावं. रोज पहाटेचा एक तास वाचन-नोंदींना चालतो, पण विश्लेषण आणि लेखन यांना तीन-चार तासांची सलग बैठक लागते. तुकड्यांत ते होत नाही, कारण प्रत्येक वेळी अर्धा तास "आपण कुठं होतो" यातच जातो. साथ, निवडणूक, वर्षअखेरीचा खर्च, तपासणी पथक : हे महिने वेळापत्रकात आधीच खोडून टाकावेत. उरलेल्या महिन्यांत काम बसत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे, असं समजावं.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमाला विचारायचे प्रश्न माहितीपत्रकात सापडत नाहीत. गेल्या काही तुकड्यांतले किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? विषय संपल्यावर, फक्त प्रबंध चालू असताना, शुल्क किती आणि किती सत्रं? कमाल मुदत किती, आणि बदली किंवा साथीमुळं ती थांबवता येते का? मार्गदर्शकांपैकी कुणी स्वतः आरोग्ययंत्रणा चालवली आहे का? घरून ग्रंथालयाची नियतकालिकं उघडतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात न देणाऱ्या ठिकाणी जपून.

लिहिताना आणि तोंडी परीक्षेत

प्रशासकाची भाषा प्रबंधाला नडते. "सर्व संबंधितांना सूचना देण्यात आल्या" या वाक्यात कुणी, कुणाला, कधी, काय सांगितलं यातलं काहीच नाही, आणि कार्यालयात ते तसं नसणं सोयीचंही असतं. प्रबंधात प्रत्येक वाक्याला कर्ता द्यावा लागतो. तसंच शिफारशींचं. "प्रशिक्षण वाढवावे, समन्वय साधावा" हे लिहायला तीन वर्षं अभ्यासाची गरज नव्हती. शिफारस अशी हवी : न उचललेल्या फोनची यादी आठवड्याच्या कुठल्या दिवशी, कुणी, कुणाकडं द्यायची, आणि ती दिली की नाही हे कोण पाहणार. तिच्यामागं तुमच्या निष्कर्षाचं पान दाखवता आलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये तोंडी परीक्षा बहुधा बंद दाराआड, प्रबंधात सहभाग नसलेल्या परीक्षकांपुढं होते. अमेरिकेत मार्गदर्शन समितीपुढं आणि बऱ्याचदा खुल्या सादरीकरणासह. दोन्हीकडं प्रशासक उमेदवाराला हमखास येणारा प्रश्न : "ही यंत्रणा तुम्हीच चालवता. तुम्हाला दिसलं नाही असं काय असू शकतं?" "मी तटस्थ राहिलो" हे उत्तर टिकत नाही. कोणत्या टप्प्यावर तुमच्या पदाचा परिणाम होऊ शकत होता, त्यासाठी काय केलं, तुमच्या अंदाजाच्या विरुद्ध काय निघालं, हे नोंदींसह सांगावं लागतं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी आणि प्रत्येक निर्णयाखाली तारीख घालावी. शेवटच्या महिन्यात आठवून लिहिलेली वही दोन प्रश्नांत उघडी पडते.

बहुतेकांना दुरुस्त्या मिळतात. छोट्या असल्या तरी त्यांना ठरलेली मुदत असते आणि ती तोंडी परीक्षेनंतर लगेच सुरू होते. नेमकं तेव्हाच कार्यालयात साचलेलं काम समोर येतं. म्हणून परीक्षेची तारीख हातात आली की त्या दिवसाची रजा टाकताना पुढच्या दोन आठवड्यांची रजाही त्याच अर्जात मागून घ्यावी.